वाघमारे मॅडमच्या सुया

गेल्या वर्षी आमच्या मागच्या गल्लीत एका हळदीला नवरदेव पाटावर बसला, त्याला हळद लागली, ती वाळली, गालावर तिला भेगा पडायला लागल्या, तरी गाणं काही सुरू होईना. मांडवात दीडशे माणसं ताटकळलेली. आणि डीजे कुठे? तर डीजे स्टेजवर गुडघे टेकून बसलेली. टर्नटेबलखाली, म्हणजे तबकडी फिरवायच्या यंत्राखाली, गवंड्याकडे असते तशी लेव्हलची पट्टी सरकवून तिच्यातल्या बुडबुड्याकडे टक लावून बघत होती. नवरदेवाचे मामा तिसऱ्यांदा आले.

"मॅडम, लावा की आता काहीतरी!"

"बुडबुडा मध्यावर आल्याशिवाय माझी सुई खाली येणार नाही," मान वर न करता उत्तर आलं. "तुम्ही तोवर थोडी हळद अजून भिजवा."

या आमच्या वाघमारे मॅडम. वय त्रेपन्न. थेरगावात आमच्याच इमारतीत, बरोबर आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतात. लग्न केलं नाही. "स्थळं आली होती, पण एकही मापात बसलं नाही," असं त्या स्वतःच सांगतात, आणि त्यांना ओळखणाऱ्याला ते खोटं वाटत नाही.

कारण मॅडमची नोकरी मापाचीच. चाकणच्या एका कारखान्यात त्या तपासणीला आहेत. गिअरचे दांडे येतात, मॅडम मोजतात, केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा फरक निघाला तरी दांडा बाजूला. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे त्यांची नजरच तशी झालीये. मला जिन्यात गाठून त्या म्हणाल्या होत्या, "सर, उजव्या चपलेची टाच बाहेरून जास्त झिजलीये. तुम्ही तिरके चालता." मी शाळेत गणित शिकवतो, मुलांना सरळ रेषा काढायला लावतो. पंचवीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरी चहाला आल्या, तेव्हा पोळपाटावरून बोट फिरवून माझ्या बायकोला म्हणाल्या, "मध्ये खोलगट झालाय. म्हणून तुमच्या पोळ्या कडेला जाड होतात." निदान अचूक होतं. बायको आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही आणि आठव्या दिवशी नवा पोळपाट घेऊन आली.

अशी बाई डीजे कशी झाली? तर तपासणी करता करता.

कंपनीचं वार्षिक संमेलन होतं. कासारवाडीचा रॉकी नावाचा डीजे आला होता. रॉकी म्हणजे राकेश पवार, पण हे त्याच्या आईशिवाय कुणाला आठवत नाही. नाच ऐन रंगात आणि गाणं सारखं उडायला लागलं. रॉकीने आधी वायरीला शिव्या दिल्या, मग लॅपटॉपला. शेवटी त्याने सुईवर जोरात फुंकर मारली. पुढच्या रांगेतून मॅडम उठल्या आणि थेट स्टेजवर गेल्या.

"फुंकू नकोस. थुंकी उडते. टोक बघितलंस का शेवटचं कधी?"

"ताई, सुई आहे ती. तिचं काय बघायचं?"

दुसऱ्या दिवशी मॅडमनी ती सुई कंपनीतल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्याला दाखवली. टोक म्हाताऱ्या दाढेसारखं सपाट झालं होतं. रॉकी हादरला. त्याने त्या महिन्यात नवा संच घेतला आणि जुनी दोन टर्नटेबलं मॅडमच्या गळ्यात मारली. रविवारचं काहीतरी असावं म्हणून मॅडमनी ती घेतली. पुढचे सहा महिने आमच्या डोक्यावर खर्र-खट्, खर्र-खट् असा आवाज येत होता. आम्हाला वाटलं, मॅडम फरशी घासतायत.

आता या तबकडीची गंमत मला त्यांनीच समजावली. हल्लीच्या डीजेच्या तबकडीत गाणंच नसतं. नुसता एक किर्र आवाज कोरलेला असतो. सुई तो वाचते आणि तबकडी कुठे आहे, किती वेगात, कुठल्या बाजूला फिरते, ते लॅपटॉपला कळवते. गाणं लॅपटॉपच्या पोटात. हात सावकाश फिरवला की गाणं सावकाश, हात थांबला की गाणं थांबलं. तबकडी म्हणजे नुसता लगाम.

"मग सगळं लॅपटॉपमध्येच आहे, तर झीज कसली?" मी विचारलं.

मॅडमनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी नापास झालो हे मला तिथेच समजलं. "सर, जिथे घासतं तिथे झिजतं. डोळ्याला दिसत नाही म्हणून झीज थांबत नाही." हे त्यांचं आवडतं वाक्य. ते त्या सुईबद्दल बोलतात, गुडघ्याबद्दल बोलतात आणि एकदा सोसायटीच्या अध्यक्षांच्या चारित्र्याबद्दलही बोलल्या होत्या.

कंपनीने भंगारात काढलेला एक सूक्ष्मदर्शक त्यांनी मिळवला आणि जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी बसवला. प्रत्येक सुईला नेलपॉलिशने नंबर दिला. वाण्याच्या कॅलेंडरवर दूधवाल्याच्या खाड्यांखाली सुयांचे तास लिहायला सुरुवात केली. सुई तबकडीवर किती वजनाने टेकते, ते सोनाराच्या काट्याने तोलायच्या. तबकडीवर बोट लावायचं तर आधी हात साबणाने धुवायचे, पुसायचे आणि दोन मिनिटं पंख्याखाली धरायचे. मग त्या हळदी-बारशांना वाजवायला लागल्या आणि मी त्यांच्या पेट्या उचलायला जायला लागलो, तोही गाडी माझी आहे म्हणून. पण त्यांच्या तबकडीला माझं बोट आजवर लागलेलं नाही.

हळूहळू नाव झालं. कासारवाडीपासून माणपर्यंतचे डीजे रविवारी सकाळी काड्यापेटीत, कापसात सुया घेऊन आमच्या जिन्यात बसायला लागले. दवाखान्यासारखी रांग. हातावर गोंदण, कानात बाळी, आणि चेहरे मात्र एक्स-रे काढायला आल्यासारखे. मॅडम डोळा लावायच्या आणि निकाल द्यायच्या.

"रिजेक्ट."

"मॅडम, अजून एक सीझन काढंल की ती."

"भाऊ, गोल टोक खाचेत बसतं, सपाट टोक खाच खरवडतं. तुझी सुई आता वाजवत नाही, नांगरते. एका सुईपायी दोन तबकड्या घालवशील." मग ती सुई त्या स्वतःच्या हाताने मोडायच्या, पुन्हा मोह नको म्हणून. बिचारा सुतकी चेहऱ्याने जिना उतरायचा.

दिवाळीनंतर मॅडमची आई नांदेडकडच्या गावाहून त्यांच्याकडे राहायला आली. आजी ऐंशीच्या पुढच्या. इतके दिवस मुलाकडे होत्या, पण आताशा विसरायला लागल्या होत्या. दोनदा घर सोडून निघून गेल्या, तेव्हा भाऊ-भावजय दमले. मॅडम फक्त एवढंच म्हणाल्या, "आई आलीये राहायला." रविवारची रांग बंद झाली. सकाळी एक बाई आजींपाशी बसायची, पाळी संपली की मॅडम थेट घरी यायच्या. आम्ही आजींना गॅलरीत बघायचो, तेवढंच.

आणि मग फेब्रुवारीत सुरुवातीला सांगितलेली ती हळद. सकाळी अकराची वेळ. लेव्हल लागली, बुडबुडा मध्यावर आला, मॅडमनी सुई टेकवली. गाणं सुरू झालं आणि दोन ओळींत कुणीतरी नाक दाबल्यासारखं कण्हायला लागलं. मग ताणलं गेलं, मग बंदच पडलं. लॅपटॉपवर सुईच्या तब्येतीचं एक हिरवं वर्तुळ दिसतं, ते गरगरीत गोल हवं. ते चेपलेल्या बटाट्यासारखं दिसत होतं. मॅडमनी सुई बदलली. पुन्हा तेच. मांडवात कुणीतरी शिट्टी मारली.

पाहुण्यांमध्ये रॉकी होता. तो वर आला. त्याने तबकडी उन्हात तिरकी धरली आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, सुई ठणठणीत आहे. तबकडी गेलीये. सुरुवातीच्या रेघा बघा, पार पांढऱ्या पडल्यात."

मला वाटलं, आता मॅडमचा चेहरा पडणार. पण त्या लाजल्या नाहीत, घाबरल्या. "ही कशी आली पेटीत?" एवढंच पुटपुटल्या आणि तबकडी त्याच्या हातातून काढून घेतली. रॉकीने गाडीतून आपली तबकडी आणून दिली, कार्यक्रम पार पडला. त्याने त्याबद्दल आजवर कुणाकडे एक शब्द काढलेला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

परतताना मॅडमनी ती गेलेली तबकडी मांडीवर ठेवली होती. दोन्ही हातांनी धरून. मी म्हटलं, "रिजेक्टच ना आता ही?"

"सर, समोर बघून चालवा," त्या म्हणाल्या.

दुपारी बायकोने शिरा केला आणि म्हणाली, "वर देऊन या. आज त्यांना बरं वाटत नसेल." मी डबा घेऊन गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून बारीक आवाजात कुणीतरी ओव्या म्हणत होतं.

टर्नटेबल टेबलावर नव्हतं, जमिनीवर होतं, आणि त्यावर सकाळी चुकून घरीच राहिलेली चांगली तबकडी होती. त्याच्यासमोर एक पाय पसरून आजी बसल्या होत्या. तळवा तबकडीवर टेकवून, अंग पुढेमागे झुलवत ती फिरवत होत्या. मोटर बंद. मध्येच डाव्या हाताने हवेतलं मूठभर धान्य तबकडीच्या मधोमध वैरत होत्या. हात जोरात गेला की ओवी पळायची, दमून हात मंदावला की ओवीही मंदावायची. ओव्या म्हणणारा आवाज आजींचाच होता, पण दात असतानाचा.

मॅडम बाजूला बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत.

"आल्यापासून दुपार झाली की दळण राहिलंय म्हणून दाराकडे पळायची," त्या हळूच म्हणाल्या. "एकदा डांगे चौकात बसस्टॉपवर सापडली. लोकांना जातं कुठे आहे विचारत होती. मग एक दिवस मी काहीतरी लावलं होतं, तर ही समोर येऊन बसली आणि तबकडीवर हात ठेवला. मी ओरडणारच होते. पण गाणं तिच्या हाताने फिरलं आणि ती हसली, सर. आल्यापासून पहिल्यांदा. गावाकडे तिच्या ओव्या मोबाईलवर घेऊन ठेवल्या होत्या मी, त्या रात्रीच लॅपटॉपमध्ये घातल्या. आता रोज तीन तास दळते. रोज पहिल्यापासून."

"कोण हाय?" आजींनी विचारलं.

"खालचे सर आहेत, आई."

"मास्तर व्हय? बसा बाबा. एवढं पायलीभर झालं की चहा टाकते."

मी बसलो. ओवी संपली. आजींनी हात थांबवला, पदराने कपाळ पुसलं आणि लेकीला म्हणाल्या, "बारीक येतंय का बघ गं."

मॅडमनी तबकडीच्या कडेवरून चिमूट उचलली. खिडकीच्या उजेडात धरून अंगठ्याने बोटावर नीट घासून पाहिली.

"छान येतंय. एकदम मऊ."

"मग वैर की अजून."

मॅडमनी सुई उचलून पहिल्या रेघेवर ठेवली. मग त्या पुढे सरकून आईच्या समोर बसल्या आणि आपला हात तिच्या हाताशेजारी टेकवला.