कोरं रक्त

गालफुगीच्या लशीचा अभ्यास संपत आला होता. उद्या तपासणीला बाहेरची मंडळी येणार, आणि नेमकं आजच यंत्राने डोळे वटारले. ज्या नमुन्यात अँटीबॉडी औषधालाही सापडायला नको, तो ‘कोरा’ नमुनाच लस टोचलेल्या मुलांच्या आकड्यांच्याही वर जाऊन बसला.

संशोधक बाईंनी आकडा दोनदा वाचला. कोराच भरलेला निघाला, तर बाकीच्या नमुन्यांवर विश्वास कोण ठेवणार?

“पुन्हा लाव,” त्या तंत्रज्ञाला म्हणाल्या.

पुन्हा तेच. रसायन बदललं, नळ्या बदलल्या, तरी तेच. यंत्राच्या कंपनीतल्या माणसाने फोनवर विचारलं, “मॅडम, एकदा बंद करून चालू केलंत का?” बाईंनी फोन ठेवला, आणि मग यंत्र बंद करून चालू केलं. आकडा उलट थोडा वाढला.

तेवढ्यात प्रमुख डॉक्टर आत आले. “हे रक्त कुणाचं?”

“माझंच, सर. जुना नमुना संपला म्हणून दिलं. मला गालफुगी झालेली नाही, लसही घेतलेली नाही.”

“वापरण्याआधी तपासलं होतं?”

“आईला विचारलं होतं.”

डॉक्टरांनी टेबलावरचा फोन त्यांच्यापुढे सरकवला. “मग परत विचारा.”

बाईंनी तिथेच फोन लावला.

“आई, मला लहानपणी गालफुगी झाली होती का गं?”

“छे. जेवलीस का तू?”

“आई, माझी नोकरी टांगणीला लागलीये.”

पलीकडचा टीव्ही बंद झाला. “झाली होती असं नाही म्हणता येणार. मावशीच्या लग्नात तुझे गाल जरा वर आले होते. मी सगळ्यांना सांगितलं, पोरगी अंग धरतेय.”

“आणि तशीच मला लग्नात फिरवलीस?”

“मग काय कुलपात ठेवणार होते? सगळ्यांनी तुझे गालगुच्चे घेतले. पुढे तुझ्या काकांचे गाल सुजले, लग्नाला पंधरवडाही झाला नव्हता. लग्न मावशीच्या सासरी होतं, म्हणून तिची सासू अजून म्हणते, आमच्याकडचं पाणी बाधलं. तू बोलू नकोस हं कुठे.”

“आई, मला हे अहवालात लिहावं लागेल.”

“लिही की. मावशीला कुठे इंग्रजी येतं?”

बाईंनी फोन ठेवला आणि आपल्या नळीवरची ‘कोरा’ ही चिठ्ठी काढून टाकली. यंत्र बिचारं पहिल्यापासून खरं बोलत होतं. अभ्यास बचावला होता. आता फक्त खरोखर कोरं रक्त हवं होतं.

“त्यात काय,” डॉक्टर बाही वर सरकवत म्हणाले. “माझं घ्या. मला गालफुगी कधीच झाली नाही. आमच्या आईने माझी इतकी काळजी घेतली, की...”

ते थांबले. तंत्रज्ञ सुई हातात धरून वाट पाहत होता. डॉक्टरांनी बाही खाली केली, खिशातून फोन काढला आणि ते बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

“आई,” त्यांचा दबका आवाज आत ऐकू आला, “मी रागावणार नाही. पण खरं सांग.”