बासष्ट वर्षे आणि उडदाचे पापड

एखादी गोष्ट कायमची जपून ठेवायची असेल, तर ती आधी कोणाच्याही हाताला लागणार नाही अशी करावी लागते. देवाचे खरे दागिने, माळ्यावरची पितळी पातेली आणि पाहुण्यांसाठी राखलेले कप याच तत्त्वावर पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहेत. नल्लकुंट्यातल्या आमच्या घरी गेल्या जुलैपासून हे तत्त्व अधिक शास्त्रशुद्ध रीतीने राबवले जाते. त्याची ही माहिती.

जपायची वस्तू म्हणजे माझे सासरे मुकुंदराव यांची दैनंदिनी. मामंजींनी चाळीस वर्षे वकिली केली. १९६३ सालापासून ते रोज रात्री जेवणाआधी एक पान लिहितात. कमी नाही, जास्त नाही. गेल्या डिसेंबरअखेर बासष्ट वह्या पुऱ्या झाल्या आणि त्रेसष्टावी सुरू झाली. म्हणजे पूर्ण झालेली पाने बावीस हजार सहाशे सेहेचाळीस (लीप वर्षे धरून).

माझी मुलगी शिल्पा एकवीस डिसेंबरला कॅनडाला जाणार हे जुलैत ठरले. त्याच संध्याकाळी मामंजींनी चहाच्या वेळी अर्ज केला.

"शिल्पे, जाण्याआधी माझी एक वही वाच. सगळ्या नकोत. एकच वर्ष. तेही मी निवडत नाही, तू निवड. रोज चहानंतर अर्धा तास. अडलीस की मी आहेच."

"आजोबा, तुमचं हँडरायटिंग म्हणजे मुंगी शाईत पडून घरी चालत गेल्यासारखं आहे," शिल्पा म्हणाली. "आणि मला मराठी वाचायला किती टाइम लागतो माहितीये ना? दुकानाची पाटी वाचेपर्यंत बस पुढच्या स्टॉपला जाते."

"म्हणून तर अर्धा तास म्हटलं. नाहीतर दहा मिनिटं म्हटलं असतं."

एक पान वाचायला सरासरी अडीच मिनिटे धरली, तर एका वर्षाला पंधरा तास बारा मिनिटे लागतात. हाताशी पाच महिने होते. परंतु शिल्पा संगणकशास्त्राची पदवीधर आहे आणि एकच वर्ष वाचून बाकीची एकसष्ट वर्षे वाऱ्यावर सोडणे तिला अशास्त्रीय वाटले. तिने प्रतिप्रस्ताव मांडला. सगळ्या वह्या स्कॅन करायच्या, घरच्याच सर्व्हरवर ठेवायच्या, मग जगाच्या पाठीवर कुठूनही, कधीही, निवांत वाचायच्या. "फॉरएव्हर राहील आजोबा. तुम्ही नसलात तरी."

मामंजींनी शेवटच्या वाक्यावर हरकत नोंदवली नाही.

सर्व्हर गौलीगुड्याच्या एका भंगारवाल्याकडून किलोच्या भावाने आणला. वजन सत्तावीस किलो, वय बारा वर्षे, आकार एकावर एक ठेवलेल्या दोन लांब पाटांसारखा. कोण्या कंपनीने तो निवृत्त केला होता. माझे यजमान श्रीनिवास पाटबंधारे खात्यात इंजिनियर आहेत. त्यांनी त्याला कुंकू लावले आणि लगेच त्याचे झाकण उघडले. त्यानंतरच्या सुधारणा पुढील क्रमाने झाल्या. जुनी मेमरी काढून चौपट मेमरी बसवली. (ही मेमरी स्वतःची लहान चूक स्वतःच दुरुस्त करते. घरातल्या अन्य कोणाला ही सोय नाही.) दोन डिस्कच्या जागी आठ बसवल्या, प्रत्येक पान एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिले जाते, म्हणजे एक गेली तर दुसरी आहे. मग दोन्ही गेल्या तर काय, असा प्रश्न निघाला, म्हणून बाहेर तिसरी. घराला आग लागली तर काय, म्हणून हिमायतनगरला श्रीनिवासच्या मित्राच्या कपाटात चौथी. हिमायतनगरलाही त्याच दिवशी आग लागली तर काय, हा विषय अजून विचाराधीन आहे.

सर्व्हरला मोठा प्लग लागतो. तसा सॉकेट घरात एकाच खोलीत होता, मामंजींच्या. शिवाय त्याचे पंखे अठ्ठावन्न डेसिबल आवाज करतात, त्यात म्हाताऱ्या माणसाला झोप लागणे कठीण. सबब दैनंदिनीच्या सुरक्षिततेसाठी तिच्या लेखकाला हॉलमधल्या दिवाणावर हलवण्यात आले. दारावर शिल्पाने सूचना लावली: धूळ आत येऊ नये म्हणून चपला बाहेर काढाव्यात, विनाकारण आत बसू नये, वह्यांना हात लावण्यापूर्वी विचारावे. सूचना इंग्रजीत होती. मामंजींनी ती चष्मा लावून दोनदा वाचली आणि "ड्राफ्टिंग चांगलं आहे" असा अभिप्राय दिला.

स्कॅनिंगचे काम माझ्याकडे आले. मी पदार्थविज्ञान शिकवते, माझा हात स्थिर आहे. तासाला एकशे चाळीस पाने, एकूण एकशे बासष्ट तास. पान काचेवर पालथे ठेवायचे, झाकण लावायचे, बटण दाबायचे. जुन्या वह्या ऑगस्टमध्ये संपल्या. त्यानंतर आदल्या रात्रीचे एक पान रोज सकाळी.

आता पदार्थविज्ञानाचा मुद्दा. संगणकात जितकी वीज जाते, तितकी सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. हिशेबात काही उरत नाही. त्या दृष्टीने पाहता सर्व्हर ही खोली तापवण्याची शेगडी असून गणन हा तिचा जोडधंदा आहे. आमच्या सर्व्हरच्या मागून पूर्ण भारावर बेचाळीस अंशांची कोरडी, एकसारखी हवा येते. बाहेर पावसाळा होता. सांडग्यांचे ताट घेऊन मी चार दिवस उन्हाची वाट पाहत होते. ते मी सर्व्हरच्या मागे ठेवले, हे येथे प्रांजळपणे नमूद करते.

नऊ तासांत सांडगे खडखडीत वाळले. एकालाही बुरशी नाही. असे सांडगे आमच्या घरात झाले नव्हते.

शेजारच्या पद्मावतीगारूंनी एक चाखला आणि दुसऱ्या दिवशी आपले वडियालु, म्हणजे तेलुगू सांडगेच, घेऊन आल्या. मग त्यांची नणंद आली. मग खालचा मजला. ऑगस्टअखेर नोंदवही ठेवावी लागली. सप्टेंबरात प्रतीक्षायादी अकरा घरांची होती.

अडचण एकच आली. सर्व्हर रिकामा बसला की हवा चौतीस अंशांवर उतरते आणि पापड मऊ राहतात. त्याला सतत काम हवे. घरात तेवढे काम एकच होते. शिल्पाने असा प्रोग्रॅम लिहिला, की सर्व्हरने दैनंदिनीचे प्रत्येक पान उघडावे, मिटावे, पुन्हा उघडावे, घरातल्या तिन्ही प्रतींशी ताडून पाहावे आणि पुढच्या पानाकडे जावे. शेवट आला की पुन्हा १९६३. एका वहीला पंचवीस मिनिटे लागतात. त्यामुळे वाळवणाचे प्रमाण लवकरच निश्चित झाले. उडदाच्या पापडाला पाच वर्षे पुरतात. सांडग्यांना बावीस लागतात. कुरडया मामंजींच्या लग्नाला लावल्या, तर श्रीनिवासच्या मुंजीपर्यंत होतात. आणीबाणीच्या वह्यांत ऊब कमी पडते (वकील मंडळी त्या काळात जपून लिहीत, पान जितके मोकळे, तितके काम कमी), म्हणून तेव्हा साबुदाण्याच्या पापड्या ठेवत नाहीत.

"वदिना," पद्मावतीगारू दारातून विचारत (वदिना म्हणजे वहिनी), "आज कौनसा साल चल रा?"

"सत्तर."

"तो होना. मेरे वडियालु को नब्बे तक लगता."

मामंजी दिवाणावरून हे ऐकत. सत्तर साली काय झाले होते, हे सांगायला ते एकदा उठून बसले. तोवर पद्मावतीगारू ताट फिरवायला आत गेल्या होत्या.

शिल्पाला दरम्यान वाचायला वेळ मिळाला नाही. हे स्वाभाविक होते. दैनंदिनी जपण्याचे काम वाढत होते आणि वाचण्याचे काम कुठे पळून जाणार नव्हते. मामंजी पाच वाजता धुतलेला सदरा घालून चहाला येऊन बसत. शिल्पा म्हणे, "आजोबा, वन सेकंद, एक फॅन बदलते आणि आले."

डिसेंबरात तिने त्यांना प्रकल्पाचा अहवाल दिला.

"आजोबा, सर्व्हरने तुमची पूर्ण डायरी एकशे तेवीस वेळा चेक केलीये. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत."

मामंजींनी कप खाली ठेवला. "एकशे तेवीस वेळा? मग काय म्हणाला?"

"झिरो एरर्स."

"म्हणजे बासष्ट वर्षं मी सगळं बरोबर लिहिलं?"

"नाही, तसं नाही... म्हणजे, जसं होतं तसंच आहे."

"अस्सं," मामंजी म्हणाले. "जज्जही हेच म्हणायचे."

एकवीस डिसेंबरला शिल्पा गेली. काडेपेटीएवढ्या डिस्कवर तिने सगळी दैनंदिनी बरोबर नेली. विमानतळावर मामंजींच्या पाया पडून म्हणाली, "तिथे गेल्यावर नक्की वाचते, प्रॉमिस." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सामानाचे वजन किती भरले ते विचारले.

बावीस तारखेला सकाळी मी नेहमीप्रमाणे पान पालथे ठेवले आणि बटण दाबले. पाच महिन्यांत प्रथमच यंत्राने पान नाकारले. पडद्यावर आले: मजकूर आढळला नाही.

मी पुन्हा दाबले. पुन्हा तेच. मग मी वही उलटून पाहिली. वर तारीख होती, २१ डिसेंबर. खाली काही नव्हते. यंत्राचे बरोबर होते.

मोजमाप चुकलेले नाही याची खात्री करण्यासाठी आदले वाचन पाहायचे असते, असे मी मुलांना शिकवते. मी आदले पान पाहिले.

"२० डिसेंबर. शिल्पाचे उद्या विमान. शब्द बदलून 'पाणी' करावा असे आज मनात आले. म्हणजे कोणी ना कोणी म्हणेलच. पण मग वाचून म्हणाले की तहान लागून, हे मला कळणार नाही. बदलला नाही."

मी मागे मागे गेले. ३ सप्टेंबरला थांबले.

"आजपासून एक प्रयोग. सूनबाई शास्त्राची आहे, तिला आवडेल. हे पान जो कोणी वाचील त्याने संध्याकाळच्या चहाला माझ्यासमोर 'सीताफळ' एवढेच म्हणावे. बाकी काही बोलायला नको. मी समजेन."

"४ सप्टेंबर. कोणी म्हणाले नाही. पोहे होते."

"६ ऑक्टोबर. गंगू झाडता झाडता सीताफळ म्हणाली. मी कपासकट उभा राहिलो. विचारले, कुठे वाचलेस? म्हणाली, 'वाचायला कशाला पायजे मालक, कोपऱ्यावर ढीग लागलाय.'"

"७ ऑक्टोबर. एक टोपली आणवली. साक्षीदाराला सूचक प्रश्न विचारल्यासारखे झाले, पण इलाज नव्हता. सर्वांनी खाल्ली. सर्वजण 'छान आहे' म्हणाले. काय छान आहे, ते कोणी म्हणाले नाही."

त्या सीताफळांची मला आठवण आहे. छान होती. मी तीन खाल्ली होती.

अशी एकशे नऊ पाने. त्यातले प्रत्येक मी माझ्या हाताने काचेवर ठेवले होते. पालथे ठेवल्यामुळे मजकुराची बाजू खाली जाते, एवढाच या पद्धतीचा दोष. उपकरणाच्या रचनेत तो अंगभूत आहे.

सर्व्हरच्या मागे त्या वेळी पद्मावतीगारूंचे वडियालु १९८१ मध्ये होते.

संध्याकाळी पाच वाजता मी चहा नेला. मामंजी सदरा बदलून बसले होते. मी कप त्यांच्यापुढे ठेवला, समोर बसले आणि स्पष्ट उच्चारात म्हणाले, "सीताफळ."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. एक घोट घेतला. कप बशीत ठेवला.

"हंगाम संपला, सूनबाई," ते म्हणाले.

मी बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

"आता शब्द बदललाय."

"कोणता, मामंजी?"

"लिहून ठेवलाय."

"कालचं पान तर कोरं आहे."

"नव्या पानावर कशाला लिहीन? मागच्याच कुठल्या तरी वहीत, समासात. काल तुम्ही सगळे तिच्या बॅगा बांधत होता, तेव्हा आत जाऊन लिहून आलो. चपला बाहेर काढल्या होत्या." त्यांनी बिस्किट चहात बुडवले. "बासष्ट वह्या आहेत. घाई नाही, पण मी पंच्याऐंशीचा आहे, तेवढं धरून चाल."

सर्व्हरची येथे मदत नाही, हे मी तपासले. तो जुन्या वह्यांची जी पाने ताडून पाहतो ती ऑगस्टपर्यंत स्कॅन केलेली आहेत. त्यांत तो शब्द नाही आणि म्हणून त्याच्या मते काहीच चुकलेले नाही. आजही त्रुटी शून्य आहेत. प्रतीक्षायादीही तशीच चालू आहे, कारण आम्ही अकरा घरांना शब्द दिला आहे.

नव्या पिढीला मराठी वाचता येत नाही, या विषयावर मी आमच्या मंडळात दोनदा बोलले आहे, आणि दोन्ही वेळा टाळ्या पडल्या. मला स्वतःला मात्र मराठी अस्खलित वाचता येते. या घरात मी अठ्ठावीस वर्षे राहते, आणि मामंजींच्या अक्षराला मुंगी म्हणणारी मी नव्हे. हे मी कोणाला सांगितले नाही, कारण कोणी विचारले नाही.

तुम्हालाही येते. एका अनोळखी बाईच्या सासऱ्याच्या खोलीतल्या पापडांविषयी तुम्ही एवढे सगळे, न अडखळता, न उठता वाचलेत. म्हणजे अडचण वाचता येण्याची किंवा वेळ मिळण्याची होती, असे आता आपल्यापैकी कोणालाच म्हणता येणार नाही. तुमच्या घरचा शब्द मला ठाऊक नाही. चहाला कोण धुतलेला सदरा घालून बसते, ते तेवढे पाहून घ्या.