बारा गावची सायकल

गावंडेभाऊंना ‘तुमची सायकल कोणत्या कंपनीची?’ असं विचारायची सोय नव्हती. भिलाईच्या पोलाद प्लांटच्या गेटवर नवीनच आलेल्या एका गार्डाने एकदा विचारलं. भाऊ खाली उतरले, स्टँड लावला आणि त्यालाच उलट विचारलं, “किस चीज की पूछ रहे हो? अगले चाक की, पिछले चाक की, के चेन की?” मागे पहिल्या पाळीची माणसं घंट्या वाजवत खोळंबली होती, पण भाऊंनी सगळं सांगूनच दम घेतला. पुढचं चाक कलकत्त्याचं, मागचं मद्रासचं, चेन लुधियानाची, पायडल सोनिपतचे, मागच्या चाकावरचा दात्यांचा गठ्ठा इंग्लंडचा पण मुंबईच्या जुन्या बाजारातून आलेला, आणि सांगाडा रशियन. त्या गार्डाने त्यांना पुन्हा कधी काही विचारलं नाही. पासही विचारला नाही.

मी लग्न होऊन अमरावतीहून सेक्टर सहामध्ये आले, तेव्हा गावंडेभाऊ आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहत होते. टाइम ऑफिसात कारकून. मूळचे वर्धेकडचे. बारीक अंगाचे, मिशी मात्र भरघोस. त्यांची बायको कुसुमताई आणि माझी ओळख पहिल्याच दिवशी झाली, कारण त्यांच्या व्हरांड्यात कुठे बसावं हे मला कळेना. खुर्चीवर रिम होती, मोढ्यावर ग्रीसचा डबा, आणि देवळीत जिथे दिवा ठेवतात तिथे बॉल बेअरिंगच्या गोळ्या वाटीत भिजत घातलेल्या.

“खाली बसा,” कुसुमताई म्हणाल्या. “खालीबी पाहून बसा.”

तो रशियन सांगाडा भाऊंना मिळाला त्याचीही गंमत आहे. प्लांटवरच्या कामाची मुदत संपवून मायदेशी निघालेल्या एका रशियन जोडप्याने घरचं सामान विकायला काढलं होतं. सेक्टरमधल्या बायका काचेच्या भांड्यांवर तुटून पडल्या होत्या, आणि भाऊ अंगणात भिंतीला टेकवलेल्या एका रेसच्या सायकलीसमोर उकिडवे बसले होते. मेंढ्याच्या शिंगांसारखं वाकलेलं हँडल, गिअर बदलायची छोटी दांडी, आणि चाकं गायब. चाकं आधीच कोणीतरी नेली होती. कुसुमताईंना हवा होता चहाचा सेट. घरी आला सांगाडा.

त्याला चाकं बसवायची म्हणजे साधं काम नव्हतं. इकडची चाकं थोडी मोठी. ती बसली तर ब्रेक रिमपर्यंत पोचेनात. भाऊंनी ब्रेक तापवून वाकवले. मग ब्रेक पोचले, पण दाबल्यावर लागायचे नाहीत. पहिल्या दिवशी भाऊ कोपऱ्यावरच्या मेहंदीच्या कुंपणात जाऊन थांबले. आमचे हे धावत गेले, तर भाऊ कुंपणात बसल्या बसल्याच म्हणाले, “सांगाडा एक नंबर आहे. काही झालं नाही त्याले.”

“भाऊ, पण ज्याचं त्यालाच बसते ना? कशाला करता हा उपद्व्याप?” ह्यांनी विचारलं.

“जमत नसते, प्रभाकरराव. जमवा लागते.”

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. ते फक्त सायकलीपुरतं नव्हतं. त्यांच्या छत्रीच्या काड्या एका छत्रीच्या आणि कापड दुसऱ्या छत्रीचं होतं. उजवा पाय डाव्यापेक्षा जरा मोठा म्हणून त्यांनी चपला दोन कंपन्यांच्या घेतल्या होत्या, आणि उरलेल्या दोन घालील असा माणूस ते बरेच दिवस शोधत होते. मागच्या घरातल्या मद्रासी कुटुंबाकडून इडल्या आल्या की भाऊ त्या पाटवडीच्या रश्शात बुडवून खायचे, आणि ते खरंच चांगलं लागायचं. एकदा त्यांनी एका कंपनीच्या कुकरला दुसऱ्या कंपनीचं रबर कापून बसवलं. तिसऱ्या शिट्टीला झाकण उडालं आणि वरण छताला लागलं. भाऊ बराच वेळ वर बघत उभे राहिले. मग म्हणाले, “दोन शिट्ट्या झाल्या होत्या ना व्यवस्थित?”

पण सायकलीचं एक दुखणं काही केल्या जात नव्हतं. सपाटीवर ती अशी पळायची की बघत राहावं. चढ लागला, भाऊंनी गिअर बदलला, की खडखड आवाज व्हायचा आणि चेन उतरायची. मग भाऊ रस्त्याच्या कडेला काळे हात करून बसायचे. रुआबांध्याच्या बाजाराला जाताना, प्लांटहून येताना, कुठेही. ओळखीचे लोक जवळून जाताना नमस्कार करायचे आणि भाऊ कोपराने नमस्कार घ्यायचे.

मला एका गोष्टीचं कुतूहल वाटायचं. भाऊंचे सुटे भाग मुंबईहून यायचे, कलकत्त्याहून यायचे, पण वर्ध्याहून कधी काही येत नसे. आणि वर्ध्याला त्यांच्या थोरल्या भावाचं सायकलचंच दुकान होतं, हे मला दुसऱ्याच कोणाकडून कळलं होतं. एका दुपारी तांदूळ निवडता निवडता मी कुसुमताईंना विचारलंच.

त्यांनी आधी आतल्या खोलीकडे पाहिलं. भाऊ प्लांटला गेले होते, तरीही पाहिलं.

“दुकान सासऱ्यायचं,” त्या म्हणाल्या. “दोघंबी भाऊ तिथंच काम करत. एका पोस्टमनच्या सायकलले यायनं पुढच्या चाकासाठी दुसऱ्याच कंपनीचा फोर्क बसवून देला. तो उतारावर निघाला अन् पोस्टमन तोंडावर पडला. समोरचे दात गेले बिचाऱ्याचे. थोरल्या दादांनी त्याची माफी मागितली, अन् मंग भर दुकानात, गिऱ्हाइकायच्या समोर, यायले म्हणाले, आजपासून पान्याले हात लावू नको. तुह्या हातचं काम नाही हे.”

“मग?”

“मंग काय. हे इकडे भिलाईले आले, नोकरीले लागले. तवापासून हे सारं चालू आहे. दादाच्या घरी पाय नाही ठेवला. सासूबाई गेल्या तवा गेलो, तर दोघं दोन कोपऱ्यात बसले.”

मी तांदळातले खडे वेचत राहिले. व्हरांड्यातल्या त्या रिमा मला त्या दिवशी जरा वेगळ्या दिसल्या.

पुढच्या थंडीत दादांचा निरोप आला. त्यांच्या मुलीला, सुनंदाला, आमच्या शेजारच्याच दुर्गच्या मोहन नगरमधलं एक स्थळ सांगून आलं होतं. रेल्वेतलं कुटुंब, मुलगाही रेल्वेत. मुलीला दाखवायला आणायचं तर एक दिवस कुठे उतरायचं, असं दादांनी एका नातेवाइकाच्या तोंडून विचारलं होतं. कुसुमताईंनी भीत भीत सांगितलं. भाऊ चेनला तेल घालत होते.

“येऊ दे,” ते म्हणाले. “पोरीचं काम आहे.”

त्या रात्रीपासून सायकल सगळी खोलून पुन्हा जोडायला सुरुवात झाली. रिमा चिंचेने घासल्या. हँडलला नवीन पट्टी गुंडाळली. स्टेशनवर आम्ही बायकांनी रिक्षाने जावं आणि आपण सायकलनेच येऊ, असं त्यांनी ठरवलं. रिक्षात जागा होती, पण काही बोलू नका असं कुसुमताईंनी मला डोळ्याने खुणावलं. गाडी येण्याच्या आत सायकल घेऊन फलाटाबाहेर उभं राहायचं आणि दादांनी ती पाहायची, एवढंच त्यांना हवं होतं.

आम्ही दुर्ग स्टेशनवर पोचलो. भाऊ नव्हते. गाडी आली. दादा उतरले, भाऊंसारखेच बारीक, पांढराशुभ्र धोतर-सदरा, हातात पत्र्याची पेटी. मागे सुनंदा. दादांनी इकडे तिकडे पाहिलं. पेटी स्वतःच उचलून रिक्षात ठेवली. दोन रिक्षा निघाल्या, पुढे दादा आणि सुनंदा, मागे आम्ही दोघी.

वाटेत पुलाचा चढ होता. त्या चढाच्या पायथ्याशी रस्त्याच्या कडेला भाऊ उकिडवे बसले होते. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर ग्रीसचा पट्टा, हातात उतरलेली चेन.

“आता ग बाई,” कुसुमताई हळूच म्हणाल्या.

पुढची रिक्षा थांबली. दादा उतरले आणि भाऊंच्या समोर जाऊन उभे राहिले. आमची रिक्षाही मागे येऊन थांबली, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

“काय झालं?”

“काही नाही. चेन उतरली.”

“नेहमी उतरते?”

“नाही.” भाऊंनी चेन या हातातून त्या हातात घेतली. “चढावर उतरते.”

दादांनी धोतराचा सोगा खोचला आणि ते खाली बसले. एका हाताने पायडल फिरवला, दुसऱ्या हाताने गिअर ओढला, कान जवळ नेऊन ऐकलं. “हे मागचं फ्रीवील कुठलं?” भाऊंनी सांगितलं. “अन् हे?” भाऊंनी तेही सांगितलं. एकेक करत सगळी गावं झाली. आता दादा काय बोलतात म्हणून भाऊ मान खाली घालून बसले होते.

“चेन रुंद आहे तुही,” दादा म्हणाले. “बाजूच्या दात्याले घासते.”

“माहीत आहे.”

“माहीत आहे तर मंग?”

“पतली चेन भेटत नाही इकडे.”

“मले सांगायचं होतं.”

रिक्षावाल्याने बिडी पेटवली. दादांनी चेन हातात घेऊन दात्यांवर चढवली आणि पायडल फिरवता फिरवता म्हणाले, “ब्रेक मात्र चांगले वाकवले. तडा नाही गेला कुठं.” भाऊंनी खांद्याला नाक पुसलं. थंडी होती, तसं नाक वाहतच.

दुपारी मोहन नगरला दोघे भाऊ काळ्या नखांनी जाऊन बसले. रॉकेलने घासून झालं, लिंबाने झालं, ग्रीस निघालं नव्हतं. मुलाचे वडील रेल्वेत गार्ड होते. त्यांनी आधी नखं पाहिली, मग कारण विचारलं, मग सायकलीबद्दल विचारत बसले. कांदेपोहे गार होईपर्यंत मुलीला कोणी काही विचारलंच नाही. सुनंदा नंतर मला म्हणाली, “काकू, माह्यावाला सगळा प्रश्न काकाच्या सायकलनंच सोडवला.” पंधरवड्यात होकार आला.

त्यानंतर दादांनी इकडे येणाऱ्या कोणाच्या तरी हाती पातळ चेन पाठवली. भाऊंनी ती बसवली आणि सायकलीचं दुखणं संपलं. आता ती चढ, उतार, खड्डे, सगळीकडून मुकाट जायची. भाऊ वेळेवर प्लांटला जायचे, वेळेवर घरी यायचे. व्हरांड्यात बसायला जागा झाली. कुसुमताईंनी तिथे कुंड्या ठेवल्या.

सुनंदाच्या लग्नाच्या आधीची गोष्ट. रविवारी सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. भाऊंनी सायकल उलटी करून ठेवली होती आणि मागच्या चाकाच्या तारा बारीक चावीने फिरवत होते. चाक फिरवलं, तर ते एका बाजूला लहरत होतं. कालपर्यंत तर ते सरळ चालत होतं.

“भाऊ, चांगलं चाक कावून बिघडवून राहिले?”

ते दचकले. घरात कुसुमताईंची चाहूल घेतली आणि कुंपणाजवळ आले.

“दादा येऊन राहिला बुधवारी,” ते हळू आवाजात म्हणाले. “मोहन नगरवाल्यांशी काही बोलायचं आहे त्याले. अर्ध्या दिवसाचं काम आहे म्हणते, संध्याकाळच्या गाडीनं वापस जातो म्हणते.”

“मग?”

“वाकडं चाक तसंच टाकून नाही जात तो, वहिनी. लहानपणापासूनच.”

त्यांनी चाक पुन्हा एकदा फिरवलं, डोळा बारीक करून लहर पाहिली, आणि आणखी एक तार थोडी सैल केली.