नानांच्या शेजारची जागा

लाझरस नाना बाकावर कधीच नीट बसत नाहीत. आमच्या कॉलनीच्या फाटकाशी सिमेंटचा एक बाक आहे, दोन माणसं ऐसपैस मावतील एवढा. नाना त्याच्या अगदी कडेला, अर्धे हवेत बसतात. उरलेल्या जागेवर कुणी टेकायला गेलं की हात आडवा घालतात.

“थांब भाऊ. तो बठेल शे.”

तो म्हणजे नानांचा राखणदार देवदूत. जन्मापासून प्रत्येक माणसामागे देव एकेक दूत नेमून देतो, आणि माणूस मरेपर्यंत तो दूत बाजूला हलत नाही, असं नाना सांगतात. नव्यानं जळगावात राहायला आलो तेव्हा मी थोड्या चेष्टेनं विचारलं होतं, “नाना, मलापण आहे का?”

“तुले बी शे. पन तू त्याले उभा ठेवस.”

मी शाळेत विज्ञान शिकवतो. त्या दिवशी घरी येऊन खुर्चीत बसलो आणि जरा वेळानं मला चक्क अवघडल्यासारखं झालं.

शेअर रिक्षात मात्र नानांचे हाल होतात. रिक्षावाला मागे चौघं कोंबतो, पाचवा पुढे घेतो, आणि नाना एवढ्यातही दूताला जागा देतात. म्हणजे स्वतः निम्मे बाहेर लोंबकळतात. रिक्षावाले आता त्यांना लांबून बघूनच ‘भरली, भरली’ म्हणतात.

नाना मूळचे धरणगावकडचे. नोकरी रेल्वेत, पॉइंटमनची, म्हणजे खटके ओढून गाडीचे रूळ बदलायची, त्यातली बरीच वर्षं बोदवड स्टेशनवर गेली. त्यामुळे त्यांचं सगळं धर्मशास्त्र रुळांवरून चालतं. सैतान आहे, याबद्दल त्यांना तीळमात्र शंका नाही. पण ते त्याचं नाव घेत नाहीत. ‘तो दुसरा’ म्हणतात, तेही आवाज न चढवता.

“तो दुसरा घरना भायेर उभा ऱ्हास,” ते एकदा मला म्हणाले. “कितली बी शिट्टी मारो, आपन सिग्नल दिधा नही ते तो मझार येस नही. राग धरा, खोटं बोलनं, मनमा कुढत बसनं, हाऊ बठ्ठा सिग्नल शे. आनि त्यानासंगे बोलानं नही. एक शब्द बी नही.”

“बोललं तर काय होतं?”

“तो आपलापेक्षा हुशार शे, सर. बोलनं सुरू व्हयनं का आपन हारनूत.”

मी वाद घालणार होतो, पण घातला नाही. नोकरीभर एका चुकीच्या खटक्यानं गाडी कुठे जाते याचा विचार केलेला माणूस होता तो. त्याच्यासमोर मला माझं विज्ञान शाळकरी वाटलं.

बंदोबस्तही तसाच चोख. दाराच्या चौकटीवर दर जानेवारीत फादरांकडून आणलेल्या खडूनं साल आणि बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांची आद्याक्षरं, मधे अधिकची चिन्हं घालून, लिहिलेली असतात. घरं मोजायला आलेल्या बाईंनी तोच घर नंबर समजून अधिकच्या चिन्हांसकट उतरवून घेतला. नानांना त्याचं वाईट वाटलं नाही. सरकारी कागदावरही आशीर्वाद चढला म्हणून ते खूश झाले. दाराशी पवित्र पाण्याची बाटली, खिडकीवर मिखाएल महादूताची तसबीर, उंबऱ्यात मंतरलेलं, म्हणजे फादरांनी आशीर्वाद दिलेलं, मीठ.

हे मीठ एकदा आमच्या पोटात गेलं. भरीत करताना घरातलं मीठ संपलं म्हणून माझी बायको सुनीता वाटी घेऊन नानांकडे गेली. नाना ‘नाही’ म्हणू शकत नाहीत. त्यांच्याकडे तेवढंच मीठ होतं, ते त्यांनी दिलं आणि काय आहे ते सांगूनही टाकलं. त्या दुपारचं भरीत आम्ही देवळात बसल्यासारखं गप्प बसून खाल्लं. आठवडाभर आमचं भांडण झालं नाही, हे मी फक्त नोंदवून ठेवतो.

नानांची ही ख्याती पसरल्यावर मागच्या गल्लीतले एकजण भूत उतरवायला बोलवायला आले. नानांनी हात जोडले. “ते काम बिशप सांगी त्या फादरनं शे. मी पॉइंटमन शे भाऊ, टेशनमास्तर नही.”

गेल्या उन्हाळ्यात सुनीताचं पित्ताशय आत फुटलं. डॉक्टरांनी सकाळीच ऑपरेशनला घेतलं, आणि माझी सही घेताना ‘उशीर झालाय’ एवढंच म्हणाले. मी ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलो. ती परत येईल की नाही, यापलीकडे मला काही सुचत नव्हतं.

थोड्या वेळानं नाना आले. हातात जपमाळ. सवयीनं मी एका टोकाला सरकलो आणि मधे जागा सोडली. नाना आले ते थेट त्या जागेवर बसले, माझ्या खांद्याला खांदा लावून.

मी दचकून त्यांच्याकडे बघितलं.

“आज तो आठे नही,” नाना म्हणाले. “त्याले मी मझार धाडेल शे. सुनीताजोडे.”

“तिला तिचा आहेच ना, नाना?”

“तिले तिना शेच. पन डबल लाईन बरी.”

मला हसू यायला हवं होतं. पण नानांच्या हातातल्या माळेचे मणी एकमेकांवर वाजत होते. सत्तरी ओलांडलेला हा माणूस खरोखर घाबरला होता. त्याच्या हिशेबानं तो या क्षणी अगदी उघड्यावर बसला होता.

“मोनिकानी येळले धाडा नही,” ते हळूच म्हणाले. मोनिका म्हणजे त्यांची बायको, मी तिला फक्त फोटोत पाहिलेली. “ती बी अशीच मझार व्हती. फादर म्हने, तुना दूतले तिनाकडे धाड. माले भीती वाटनी. मी एकला कसा ऱ्हासू? मी त्याले जाऊ दिधा नही. ती गयी.”

मोनिकाकडे न धाडता अडवून ठेवलेल्या त्या दूतासाठी एवढी वर्षं बाकाची अर्धी जागा ते का सोडत होते, ते मला तेव्हा कळलं.

“मग आता तुमच्याजवळ कोण आहे, नाना?”

“तू शे ना,” म्हणत त्यांनी माझ्या शर्टाची बाही मुठीत धरली. तासभर ती सोडली नाही. मीही हललो नाही. दूताचं काम मला येत नव्हतं, पण जागा धरून बसणं जमत होतं.

मग दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, “निभावलं.” मागून सुनीताचं स्ट्रेचर आलं. मी उठून धावलो. तिचे ओठ कोरडे पडले होते, पण श्वास चालू होता, आणि मी सगळ्यांसमोर रडलो.

वॉर्डात तिला झोपवून मी नानांना सांगायला परत आलो. ते अजून तिथेच होते. डोळे मिटलेले, बोटं माळेवर फिरत होती, चेहरा निवांत. बाकाच्या अगदी कडेला, पुन्हा अर्धे हवेत.

मी उभाच राहिलो. बाकावर जागा नव्हती.