तिसऱ्या हाकेचे थोमाभाऊ

१० जानेवारी १९५५, सोमवार. मुक्काम वडसा. हजर: दानिएल मास्तर (पथकाचे म्होरके), लीलाबाई (आम्हा मुलींवर नजर ठेवायला), इम्मानुएल (पेटीवाला), मार्था आणि मी (गाणाऱ्या), शमशोन आणि गोल्या (बैल), थोमाभाऊ (गाडीवान आणि स्वयंपाकी). पंगतीला गैरहजर: थोमाभाऊ. कारण: त्यांना एकदाच बोलावलं होतं.

मी तेव्हा सोळा वर्षांची होते, आणि याद्या करायची खोड मला तेव्हापासूनच आहे. धानाची मळणी आटोपली की मिशनच्या शाळेतलं आमचं तरुण पथक चांदा जिल्ह्याच्या जंगलपट्टीत बैलगाडीनं फिरायचं. गावात भजनं म्हणायची, मुलांचे दुखरे डोळे धुऊन द्यायचे आणि येशूनं सांगितलेल्या उधळ्या मुलाच्या दाखल्याचं नाटक करायचं, असा आमचा कार्यक्रम असे. दिवस मावळायच्या आत सगळं उरकायचं, कारण नंतरचा वेळ वाघाचा.

थोमाभाऊंना कशालाही तीनदा विचारावं लागे. पहिल्यांदा ते म्हणत, "मले नोको." दुसऱ्यांदा, "मी इथीच बरा." तिसऱ्यांदा काही न बोलता उठत, धोतर झटकत आणि दोन माणसांचं जेवत. पन्नाशीचा, काळा, काटक माणूस. पण बोलावल्याशिवाय पाण्याचा पेलासुद्धा उचलायचा नाही.

लीलाबाई तत्त्वाच्या बाई. "एवढा मोठा बाप्या, त्याला रोज अक्षता काय द्यायच्या?" म्हणून त्यांनी एका हाकेवर थांबायचं ठरवलं. थोमाभाऊ स्वतःच रांधलेल्या वरणाचा वास घेत गाडीखाली उपाशी बसले. दुसऱ्या दिवशी वरणात मीठ नव्हतं.

"थोमा, मीठ कुठंय?" लीलाबाईंनी विचारलं.

"मिठाले एकदाच बोलावलं जी. आलं नाई."

त्या दिवसापासून मी कामाच्या वाटणीत एक काम वाढवलं. पाणी भरणे, भांडी घासणे, थोमाभाऊंना हाका मारणे. आळीपाळीनं सगळ्यांवर यायचं. कुरकुर फक्त इम्मानुएल करायचा, कारण त्याचा आवाज फुटत होता आणि तिसऱ्या हाकेला हमखास दगा द्यायचा.

एकदा कुरखेड्याच्या अलीकडे आम्ही शाळेच्या पडवीत उतरलो होतो. दिवेलागणीला जवळच वाघ ओरडला. आम्ही बैलांसकट आत. थोमाभाऊ बाहेर, गाडीखाली.

"भाऊ, आत या!" मास्तर ओरडले.

"मले नोको."

"अहो वाघ आहे, आत या!"

"मी इथीच बरा."

तेवढ्यात वाघ पुन्हा ओरडला, आधीपेक्षा जवळ. मास्तर दाराआड झाले. अंधारातून थोमाभाऊंचा आवाज आला, "मास्तर, वाघाची हाक धरू नोका. तुमच्या दोनच झाल्या." तिसरी हाक आम्ही सगळ्यांनी मिळून मारली. मग ते आले, घोंगडी झटकली आणि दाराजवळची जागा धरून घोरू लागले.

नाटकात मास्तर बाप होत, कापसाच्या मिश्या लावून. धाकटा उधळ्या मुलगा इम्मानुएल. थोरल्या मुलाचं काम करणारा पोरगा निघायच्या आदल्या दिवशीच हिवतापानं पडला, तेव्हा थोमाभाऊंना तात्पुरतं उभं केलं, तीनदा विनवून. नंतर त्यांनी ते काम सोडलंच नाही. बाप तिशीचा आणि मुलगा पन्नाशीचा, पण गावकऱ्यांना त्याचं काही वाटत नसे. गावच्या दंडारीच्या नाटकात मिशीवाला गडी सीता होतो, हे पाहिलेली माणसं ती.

गोष्ट साधी. धाकटा घर सोडून जातो, सगळं उधळून परत येतो, बाप बोकड कापून जेवण घालतो. थोरला शेतावरून येतो, वाजंत्री ऐकतो आणि रुसून बाहेरच बसतो. बाप त्याला बोलवायला बाहेर येतो. इथं नाटक संपायचं. रुसून बसण्याची तालीम थोमाभाऊंना कधी लागली नाही. त्यांची अट एकच होती. बापानं तीनदा बोलवायचं.

"दाखल्यात एकदाच आहे, भाऊ."

"मंग दुसरा पोरगा पाहा."

मास्तरांनी तीनदा बोलवायचं कबूल केलं.

प्रेक्षक मात्र गावोगाव आमच्यावर उलटत. धाकटा आल्याचा आनंद कोणालाच नसायचा. "अन् ज्यानं चिखल तुडवला, त्याचं का?" असं पुढे बसलेले म्हातारे मास्तरांना विचारत. एका गावात पंचांनी बापाला चावडीवर बोलवायचं ठरवलं होतं. म्हाताऱ्या बाया नाटक चालू असतानाच येऊन थोमाभाऊंच्या हातात मूठभर मुरमुरे ठेवत. "खा रे बापा. असाच असते थोरल्याचा जनम." थोमाभाऊ मान खाली घालून मुरमुरे खात. मास्तर चडफडत, की दाखल्याचा अर्थ भलतीकडेच चालला.

त्या दौऱ्यात शेवटचं गाव पिंपळटोला होतं. तलावाकाठचं, मासे धरणाऱ्या ढिवरांच्या वस्तीचं. आदल्या मुक्कामीच थोमाभाऊ म्हणाले, "थे गाव सोडा मास्तर. तिथलं पाणी चांगलं नाई." यादीत गाव होतं, आणि यादी माझी होती. गाव गाळायला कारण हवं. वाटेत मी गाडीच्या जुवाजवळ, त्यांच्या बाजूला जाऊन बसले.

"पाणी चांगलं नाही, हे तुम्हाला कसं माहीत?"

"पोट्टे, लय विचारतं तू." शमशोनची शेपटी पिरगाळून बरंच पुढे गेल्यावर ते म्हणाले, "माहं गाव होय थे."

बाप, ते आणि धाकटा महादू. तेव्हा थोमाभाऊंचं नाव तुळशीराम होतं. महादू पळून माजरीच्या खाणीवर गेला. तलावात जाळं टाकायचं, फाटलं की विणायचं, बाप आजारी पडला की त्याला पाठुंगळी घ्यायचं, हे सारं यांच्याकडे. कैक वर्षांनी महादू परतला. बापानं त्या दिवशी साऱ्या वस्तीला मासे रांधून घातले.

"म्या ओलं जाळं खांद्यावर घेऊन तलावाच्या पारीवर बसलो. सारी वस्ती जेवली, पोट्टे जेवले, कुत्रे जेवले. म्हटलं, आता हाक येईन. मंग येईन." त्यांनी शमशोनचा कासरा ओढला. "नाई आली."

तसेच उठून ते चालत सुटले. मिशनच्या दवाखान्याच्या दाराशी बसले, तर तिथल्या कंपाउंडरनं जेवायला बोलावलं. पुन्हा बोलावलं. पुन्हा बोलावलं. "इसाई काऊन झालो, असं मास्तर विचारते. तीनदा विचारलं, म्हणून झालो. मास्तरले नोको सांगू."

तेव्हा मला आठवलं, हा ढिवर आम्हाला मासे रांधून घालतो, स्वतः कधी तोंडात घालत नाही.

गाव मी गाळलं नाही. तलावाच्या बांधाजवळ, त्याच पारीपाशी, नाटक लागलं. थोमाभाऊ फेटा डोळ्यांपर्यंत ओढून बसले होते. मास्तर बाहेर आले, पहिली हाक मारली. तोच गर्दीतून एक टक्कल पडलेला माणूस उठला आणि सरळ आमच्या मांडवात आला. लोकांना वाटलं, बक्षीस द्यायला आला असेल. दंडारीत तशी रीतच असते.

"तुळशीदादा," तो म्हणाला, "बा मेला. तो काई येत नाई आता बोलवाले. मी आलो. घरी चाल."

मास्तरांची एक मिशी खाली पडली. थोमाभाऊ जमिनीकडे पाहत म्हणाले, "मले नोको."

"दादा, भात मांडला आहे. चाल ना."

"मी इसाई झालो. तुह्या घराले बोल लागंन. मी इथीच बरा."

महादू उभा राहिला. मग तो वळला आणि चालू लागला. त्याला बिचाऱ्याला आमचा नियम कसा माहीत असणार? थोमाभाऊंचा हात धोतराच्या सोग्यावर होता, झटकायच्या तयारीत. त्या दिवशी हाका मारायची पाळी माझी होती. मी पेटीमागून ओरडले, "अहो भाऊ, आणखी एकदा! आणखी एकदा म्हणा!"

गावानं ते भलत्याच अर्थानं घेतलं. मागच्या रांगेतून कोणी तरी शिट्टी मारली. "वन्समोर!" मग सगळी वस्ती, "वन्समोर! वन्समोर!"

महादू गोंधळून परत आला. भावासमोर उकिडवा बसला. "दादा, चाल."

थोमाभाऊ उठले. धोतर झटकलं. "एवढे लोक म्हणून राह्यले तर," असं काहीसं पुटपुटत त्याच्यामागे गेले. घराचं दार ठेंगणं होतं. वाकले आणि आत गेले.

त्या संध्याकाळी स्वयंपाक लीलाबाईंनी केला. भात करपला, तो आम्ही तसाच खाल्ला. मिश्या डबीत ठेवता ठेवता मास्तर मला म्हणाले, "रूथ, नाटकाला शेवटचा प्रवेश हवा. थोरला आत जातो. तू लिहून काढ." मी यादीत टिपून घेतलं.

पण आत काय बोलणं झालं, ते आम्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही तर सगळे बाहेर होतो. सकाळी थोमाभाऊ बैल जुंपायला वेळेवर हजर. मी विचारलं, "काल काय झालं हो आत?"

"काई नाई. पाणी बरं हाये गावचं." त्यांनी माझ्या हातात तांब्या दिला. त्यांच्या बोटांना माशाच्या कालवणाचा वास होता.

आता, वीस वर्षांनंतर, ते थकलेत आणि महादूच्याच घरी असतात. गेल्या वर्षी मी भेटायला गेले तेव्हा पुन्हा विचारलं, "आत काय म्हणाला होता महादू?" हसले. म्हणाले, "चहा घे."

म्हणजे दोनदा विचारून झालं. शेवटचा प्रवेश लिहिणे, बाकी. त्याआधी पिंपळटोल्याला जाऊन तिसऱ्यांदा विचारणे, तेही बाकी.