नकाशाची मागची बाजू

दिगंबररावांच्या उजव्या भुवईच्या बाहेरच्या टोकाला एक लांब पांढरा केस होता. त्यांना राग येण्याआधी साधारण चार सेकंद तो थरथरायचा. वासंतीबाईंनी हे नुसतं पाहिलं नव्हतं, तर मनगटावरच्या घड्याळात मोजलं होतं. तीस वर्षं त्यांनी कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतली होती. एकदा दिसलं म्हणजे खरं, असं मानायची त्यांना सवय नव्हती.

मोजायला कारण झालं ते घर. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दिगंबररावांनी जाहीर केलं, की अध्यात्मात आपण चौथ्या पायरीवर पोचलो आहोत. तेव्हा नारायण पेठेतली ही तिसऱ्या मजल्यावरची जागा विकायची आणि मुळशीकडच्या एका आश्रमात दोघांनी कायमचं राहायला जायचं. जागा दोघांच्या नावावर होती. उत्तरेच्या खिडकीशी वासंतीबाईंचा सूक्ष्मदर्शक होता, आणि त्या खिडकीत सकाळी जो उजेड यायचा तसा दुसरीकडे कुठे मिळेल असं त्यांना वाटत नव्हतं.

"चौथ्या पायरीवर काय होतं?" त्यांनी विचारलं.

"राग गळून पडतो."

"पडलाय?"

"पडतोय. हा चहा इतका गार कसा?"

"बघू," वासंतीबाई म्हणाल्या, आणि त्याच दिवशी त्या रागाला दहापैकी आकडा देऊन पहिली नोंद केली. दोन वर्षांत राग खरोखर उतरला तर सही करायची, नाहीतर नाही. चाचणी सरळ होती. आता दोन वर्षं पुरी होऊन गेली होती आणि आलेखावर उत्तर स्वच्छ दिसत होतं. तरीही एक महिना आणखी घेऊ, थंडीतल्या नोंदी कमी पडतात, असं म्हणत त्या पुढेच ढकलत होत्या. दर रविवारी दिगंबरराव विचारायचे, "काय ठरलं?" आणि त्या म्हणायच्या, "बघू."

दिगंबररावही रिकामे बसले नव्हते. सरकारी कचेरीत नकाशे काढण्यात त्यांची हयात गेली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी जागृतीचा नकाशा हाती घेतला. ज्ञानाच्या सात भूमिका, सहा चक्रं, बौद्धांच्या चार पायऱ्या, सूफींचे मुकाम, सगळं एकाच कागदावर, उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषांसकट. कोणाची कितवी पायरी कोणाच्या कितव्या पायरीशी जुळते ते तुटक रेघांनी दाखवलेलं. मधल्या चढावर एक छोटा लाल त्रिकोण होता. तो म्हणजे स्वतः दिगंबरराव.

सहाव्या प्रतीत वैराग्याच्या डोंगरावर शाई सांडली, म्हणून त्यांनी ती टाकून दिली. मागून कोरा असलेला जाड कागद टाकून देणं वासंतीबाईंच्या रक्तात नव्हतं. त्यांनी तो उचलला, रागाचा आलेख त्याच्यामागे काढला आणि कपाटात ठेवला. पुढे सातवी, आठवी, नववी प्रत मनासारखी उतरेना. तेव्हा एके दिवशी, वासंतीबाई बँकेत गेल्या असताना, दिगंबररावांनी कपाटातून सहावी प्रत काढली, ब्लेडनं डाग खरवडला आणि ती घेऊन बुधवार पेठेत झेरॉक्स काढायला गेले. नकाशाची मागची बाजू बघायची असते हे त्यांना नोकरीत कोणी शिकवलं नव्हतं. तीन गुरूंना तीन प्रती गेल्या, सोबत एकेक चिठ्ठी: ‘कृपया परखड अभिप्राय द्यावा.’

वासंतीबाईंना एवढंच कळलं, की नकाशा गेला. कोणती प्रत, ते त्यांनी विचारलं नाही.

पहिलं पत्र आश्रमाच्या स्वामीजींचं आलं. दिगंबररावांनी ते उभ्यानंच वाचून दाखवलं.

"‘आजवर साधकांनी आम्हाला आपले चढ दाखवले. आपण उतारही लपवले नाहीत. शिखरे आणि त्यांच्यामधली अंतरे पाहून आम्ही थक्क झालो.’ समोच्च रेषा, वासंती. कोणाला सुचल्या नव्हत्या. ‘आणि स्वतःचा उल्लेख केवळ नमुना क्रमांक एक असा करणे, ही अहंकार गळाल्याची खूण आहे.’" ते थांबले. "हे मी कुठे लिहिलंय?"

वासंतीबाईंच्या हातातली वाटी ओट्यावर आपटली. नमुना क्रमांक एक हे त्यांनी लिहिलं होतं. आलेखाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, कारण प्रयोगवहीत नमुन्याचं नाव घालायचं नसतं.

"लाल त्रिकोणाला म्हणत असतील," दिगंबररावांनी स्वतःचं समाधान केलं.

ते फिरायला गेल्यावर वासंतीबाईंनी कपाट उघडलं. कागद जागेवर होता. तो उलटा केला, तर नकाशावरचा शाईचा डाग ब्लेडनं खरवडलेला होता. मग तो घेऊन, चपला घालून, दिगंबरराव नेहमी जायचे त्या बुधवार पेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानात गेल्या.

दुकानदार श्यामसुंदर यांनी कागद ओळखला. "मी साहेबांना विचारलं, कोणती बाजू काढू. ते म्हणाले, रेघांची. म्हटलं, दोन्हीकडे रेघा आहेत. तर माझ्याकडे न बघताच म्हणाले, जी नीट काढलीय ती."

"मग?"

"मग जी नीट काढलीय ती काढली," श्यामसुंदर म्हणाले. "पाकिटंही मीच बंद केली. एक वाजत आला होता."

घरी परतेपर्यंत वासंतीबाईंना एकच गोष्ट दिसत होती. सातशेपेक्षा जास्त ठिपके, प्रत्येकाखाली बारीक अक्षरात कारण, आणि तीन अनोळखी पुरुष चष्मे लावून ते वाचतायत. सांगायचं तर कसं? दिगंबररावांनी स्वामीजींचं पत्र देव्हाऱ्यात ठेवलं होतं.

दुसरं पत्र एका ध्यानवर्गाच्या शिक्षकांचं. ‘भाजीतील मिठाची नोंद तेरा वेळा येते, ती विशेष भावली.’

"भाजीतलं मीठ?" दिगंबररावांनी चष्मा पुसला. "अच्छा. मीठ जसं विरघळतं तसा जीव ब्रह्मात. जुना दृष्टांत आहे. माझ्या नकाशात तो त्यांना आपोआप दिसला, बघ."

"तेरा वेळा?"

"तेरा ठिकाणी रेघा जुळतात ना." आणि त्यांनी टेबलाच्या खणातून जागेचे कागद काढून वासंतीबाईंपुढे ठेवले. "दोन गुरूंनी मान्यता दिली. तिसऱ्यांची आली, की सही कर. आता ‘बघू’ नको."

तिसरे गुरू पत्र लिहिणारे नव्हते. हडपसरचे दत्तोबा, गळ्यात माळ, आयुष्य शेतात आणि भजनात गेलेलं, गुरुवारी सकाळी स्वतःच जिना चढून आले. पाणी प्यायले. मग बंडीच्या खिशातून घडी केलेला कागद काढून टेबलावर पसरला.

"ह्यो तुमी धाडला?"

"हो. हा..." दिगंबरराव वाकले आणि तसेच राहिले. कागदावर डोंगर नव्हते. लाल त्रिकोण नव्हता. ठिपक्यांची एक रेघ वर जात होती, खाली येत होती आणि दोन वर्षांनी जिथून निघाली तिथेच पोचली होती. त्यांनी एकेक वाचायला सुरुवात केली. "‘पाणी गेले, सात.’ ‘वर्तमानपत्राची घडी, पाच.’ ‘ध्यानात शेजाऱ्यांचा कुकर, नऊ.’ ‘कारण आढळले नाही, आठ.’"

खाली रस्त्यावर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

"हे कुणी काढलं?" दिगंबररावांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"मी," वासंतीबाई म्हणाल्या.

"आन् नमुना?" दत्तोबांनी विचारलं.

दत्तोबांनी दिगंबररावांकडे एकदा पाहिलं, आणि त्यांना पुरलं.

"नकाशे लई बघितले म्या," ते म्हणाले. "समदे चढाचे. ह्यो पयला खरा. साहेब, तुमाला आश्रमात जायचं आसंल तर जावा, गोठ्यात मानसं लागत्यात तितं. गायी काय पायरी इचारत न्हाईत." मग ते वासंतीबाईंकडे वळले. "पर ताई, तुमचाबी नकाशा अर्धाच हाय."

"कसा?"

"त्यो कवा चिडला त्ये समदं लिवलंय. तुमी कवा बोलला, त्ये कुटंच न्हाई."

वासंतीबाईंनी कागदाकडे पाहिलं. निरीक्षकानं नमुन्यात ढवळाढवळ करायची नसते, असं त्या कॉलेजातल्या मुलींना दरवर्षी पहिल्याच तासाला सांगत. दोन वर्षं त्यांनी तो नियम तंतोतंत पाळला होता. दत्तोबांचं म्हणणं त्यांना खोडता येईना.

दिगंबरराव हळूहळू सरळ झाले. एका हातात आलेख, दुसऱ्या हातात जागेचे कागद. "दोन वर्षं," ते म्हणाले. "माझ्याच घरात, माझ्याच नकाशामागे. आणि विचारलं की म्हणायचं, बघू."

उजव्या भुवईच्या टोकाशी पांढरा केस थरथरू लागला.

वासंतीबाईंची नजर सवयीनं घड्याळाकडे गेली. एक. दोन. तीन. मग त्यांनी मनगट खाली केलं.

"अहो, मी सही करणार नाही. तुम्ही जा. मी इथेच राहणार आहे."