आला, दिला

आमच्या शेजारच्या रेंझोला काहीही द्या, त्याच्याकडे ते टिकत नाही. दिवाळीत माझ्या बायकोनं, सुजातानं, त्याला डबाभर चकल्या दिल्या. संध्याकाळी त्या पलीकडच्या लिम आंटींच्या टेबलावर होत्या, डब्यासकट. आंटींनी त्याला दिलेली संत्री आमच्या दाराला टांगलेली. डबा रिकामा परत करायचा नसतो, एवढं सुजातानं त्याला शिकवलं होतं. यानं डबाच परत केला नाही. आम्ही त्याला एक खुर्चीही दिली होती. ती हल्ली खाली लिफ्टजवळ असते आणि तिच्यावर ब्लॉकमधले म्हातारे बसतात.

रेंझो इटलीचा. फुटबॉलमध्ये मधल्या फळीत खेळायचा. मोठ्या क्लबात कधीच नाही. लहान गावांचे लहान क्लब, हंगाम संपला की बॅग भरून पुढच्या गावी. शेवटचा क्लब इथला, सिंगापूरचा. गुडघे संपले आणि तो इथेच, क्वीन्सटाउन भागात, आमच्या मजल्यावर राहिला. साऱ्या कारकिर्दीचं वर्णन तो एवढंच करतो, "आला, दिला." चेंडू पायात ठेवला की पाय मोडतो, असं त्याचं म्हणणं. मैदानावरच्या सवयीनं लिफ्टमध्येसुद्धा तो आधी उजव्या खांद्यावरून मागे बघतो, मग डाव्या.

पाय खरंच मोडला होता का, असं मी एकदा विचारलं. एकदाच, म्हणाला. त्या दिवशी वडील पहिल्यांदा सामना बघायला आले होते. त्यांना दिसेल इतका वेळ तरी चेंडू आपल्याकडे असावा, असं त्याला वाटलं. मग नडगीवरचा वण दाखवला.

अशा माणसाकडे मी माझ्या वडिलांना, नानांना, ठेवून गेलो.

आई गेल्यावर मी त्यांना साताऱ्याहून इथे आणलं, आणि तेव्हापासून रोज सकाळी त्यांच्याकडे नीट न बघताच ऑफिसला पळतो. त्यांच्या आता फारसं लक्षात राहत नाही. मधेच उठतात आणि घरी जायला निघतात. त्या दिवशी त्यांना सांभाळणारी बाई आजारी, सुजाता परगावी, आणि मला मीटिंग. चुकवता आली असती. चुकवली नाही. नानांचा हात धरताना रेंझोचा चेहरा पांढरा पडला होता. मी तो पाहिला, आणि गेलो.

दुपारी परतलो तर दोन्ही घरांची दारं उघडी, आत कोणी नाही. रेंझोला फोन लावला, तो त्याच्याच गादीवर वाजला.

तेव्हा मनात जे आलं ते लिहितानाही लाज वाटते. यानं नानांना पुढे दिलं.

मी लिम आंटींचं दार वाजवलं, रेंझोनं नानांना इकडे आणलं का विचारलं. "इकडे नाही लाह," त्या त्यांच्या सिंगापुरी ढबीत म्हणाल्या. "तुझे वडील तो मला कशाला देईल?"

"तो सगळं तुम्हालाच देतो," मी म्हणालो.

लिफ्टची वाट बघवेना. जिन्यानं धावत सुटलो. प्रत्येक वळणावर डोळ्यांसमोर नाना एका हातातून दुसऱ्या हातात जात होते, मोठ्या रस्त्यापर्यंत, बसच्या दारापर्यंत. त्यांना मराठीशिवाय काही येत नाही. पत्ता तर मराठीतूनही सांगता येत नाही.

खाली लिफ्टजवळ, आम्ही दिलेल्या त्याच खुर्चीवर, नाना बसले होते. शेजारी फरशीवर रेंझो, घामानं निथळत, गुडघा सुजून टम्म. नानांचा उजवा हात त्यानं दोन्ही हातांत धरला होता आणि सारखा मागे बघत होता, उजवीकडून, डावीकडून, कोणीतरी हिसकावायला येत असल्यासारखा.

"अरे, कोण हा?" नाना मला म्हणाले. "मी साताऱ्याला निघालो, तर सगळे जिने माझ्याबरोबर लंगडत उतरला. सकाळपासून हात सोडत नाही. चहासुद्धा डाव्या हातानं प्यायलो."

मी खाली वाकलो. "रेंझो, दे आता माझ्याकडे."

त्यानं माझ्याकडे बघितलं. पकड सैल झाली नाही.

"थोडा वेळ," तो म्हणाला. "अजून थोडा वेळ राहू दे."

मग मीही फरशीवर बसलो आणि नानांचा डावा हात धरला.

"झालं," नाना म्हणाले. "आता चहा कशानं पिऊ?"